तीन ठिपके

काडेपेटीत एक दुधाचा दात. काडेपेटीवर जांभळ्या स्केचपेननं लिहिलंय: इराचा आहे, फेकू नये.

फ्रिज सुरू होताना अर्धा सेकंद नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढतो. खोलीतला दिवा किंचित मान खाली घालतो, पुन्हा वर करतो. बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही.

मोरपिशी साडी, जरीचे काठ. पिको झालाय, फॉल वीतभर राहिलाय. पिशवीला टाचलेली चिठ्ठी: शनिवारी मुलाचं लग्न, शुक्रवारी हवीच.

जमा करायच्या वस्तू: फोन, सिमकार्ड, मनगटावरचं घड्याळ, बँकेचं कार्ड, कानातली यंत्रं, मुलांची बोलणारी खेळणी. पोच मिळेल.

मिरजेत एका कुलूप लावलेल्या घरात टीव्ही चालू आहे. दोन पंखे फिरताहेत, बाथरूमचा गीझर तापतोय. घरात कोणीही नाही.

दुपारी तीन वाजून सात मिनिटं. दिवे जातात. येतात. जातात. येतात. जातात. येतात.

*

अकोल्यातल्या त्या घरावर ‘गृहोद्योग: पापड, शेवया, कुरडया’ अशी पाटी होती. पापड खरंच होत. पण आत राहणाऱ्या दहा बायका पापडांसाठी तिथं आलेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, एकीच्या बाबतीत तर पोटच्या मुलाच्या हातून वाचून त्या आल्या होत्या. घराला आतल्या आत ‘ओसरी’ म्हणत. तिचा पत्ता कुठल्याही कागदावर, कुठल्याही नकाशावर नव्हता. हेल्पलाइनवर बोलणाऱ्या मुलींनाही तो माहीत नसे. येणाऱ्या बाईला त्या फक्त अमुक स्टँडवर अमुक रंगाची ओढणी घेतलेली बाई भेटेल एवढंच सांगत.

ओसरी चालवायच्या कुंदाताई. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. टाके घालण्यात आणि थापा ओळखण्यात हात बसलेला. शलाका मगदूम सहा वर्षांच्या इराला घेऊन आली, तेव्हा ताईंनी आधी तिचा डावा खांदा चाचपला, मग इराला गूळपोळी दिली आणि मग वही उघडली.

फोन जमा झाला. घड्याळ जमा झालं. इराची टुकटुक नावाची बोलकी बाहुली जमा झाली, त्यावर थोडं रडणंही झालं.

“आणि हे काय गं एवढं जड?”

“मशीन आहे ताई. पिकोचं.”

कुंदाताईंचा चेहरा उजळला. “बायका दागिने घेऊन येतात, नाहीतर नेसत्या साडीनं येतात. तू हत्यार घेऊन आलीस. ठेव तिकडं खिडकीपाशी, उजेड चांगला असतो. बाजारातल्या साडीच्या दुकानातून कामं आणून देते तुला.”

मशीनची पोच त्यांनी लिहिली नाही. ते बोलत नव्हतं, ऐकत नव्हतं, त्यात सिमकार्ड नव्हतं. वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

*

शलाकाच्या नवऱ्याला, निरंजनला, कोणी रागीट म्हटलं नसतं. तो वीज कंपनीत होता, वीजचोरी शोधण्याच्या कक्षात, आणि मेहुण्यांना, शेजाऱ्यांना आपलं काम फार छान समजावून सांगायचा. जेवताना ताटातल्या मिठाशेजारी बोटानं रेघा काढायचा.

“हे बघा, घरात दहा वस्तू चालू असल्या तरी मीटरपर्यंत तार एकच येते. सगळ्यांचा करंट त्यात मिसळलेला. पण लग्नाच्या गलक्यातसुद्धा आपल्या आत्याचा आवाज आपल्याला ओळखू येतो की नाही? तसंच. गीझर सुरू झाला की भिंत उभी राहिल्यासारखी रेघ वर जाते. फ्रिज आधी उडी मारतो, मग खाली बसतो. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात, ते घासतात, म्हणून त्याच्या रेघेला बारीक कापरं असतं. आणि ब्रश प्रत्येकाचे वेगळे झिजतात. दोन मिक्सर एकाच दिवशी, एकाच कारखान्यातून निघू देत, वर्षभरानं त्यांचं कापरं वेगळं. नवा मीटर सेकंदाला हजारो वेळा हे मोजतो. आम्ही त्याला वीजठसा म्हणतो.”

“मग चोर सापडतात?” मेहुण्यानं विचारलं होतं.

“चोर तर सापडतातच,” निरंजन हसून म्हणाला होता. “मीटर विसरत नाही.”

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यानं ऑफिसातून फोन केला होता. “अगं, दुपारी अडीच वाजता गीझर कशाला?” शलाकाला वाटलं, बिलाची काळजी. मग फोन वाढले. दारावरची बेल दोनदा का वाजली. इस्त्री सव्वा तास कोणाच्या कपड्यांसाठी. माहेरी न सांगता जाऊन आली त्या दिवशी ती कुलूप काढून आत आली, पंखा लावला, आणि पंखा बंद झाला. सुरू झाला. बंद. सुरू. बंद. सुरू. थकबाकीदारांची वीज दुरून तोडायची सोय त्याच्या हाती होती. संध्याकाळी तो घरी आला, चपला जागेवर ठेवल्या, हात धुतले आणि तिचा डावा हात मागं पिळला, खांद्यातून आवाज येईपर्यंत. मग स्वतःच हाताला झोळी बांधून दिली. गाठ फार व्यवस्थित मारायचा.

पण मशीनबद्दल तो प्रेमानं बोलायचा. पिकोच्या मशीनचा वेग पायानं ठरतो; पायडल जितकं दाबाल तितकी मोटर पळते. म्हणजे रेघेत नुसतं मशीन उमटत नाही, पायही उमटतो.

“तू बसलीस की आधी तीन ठिपके येतात,” तो म्हणायचा. “टक, टक, टक. मग रेघ सुरू. असं कोणीच करत नाही गं शलू. मी तिथं बसून एकटाच हसतो.”

तिला स्वतःला हे ठाऊकही नव्हतं. शिवण सुरू करायच्या आधी तिचा पाय आपसूक तीनदा पायडलला टेकायचा. आई तसं करायची, म्हणून ती करायची. नवऱ्यानं इतकं बारकाईनं पाहावं, याचं तेव्हा तिला अप्रूप वाटलं होतं, आणि या गोष्टीची आता तिला सगळ्यात जास्त शरम वाटत असे.

निघायच्या दिवशी तिनं त्याचंच शास्त्र त्याच्यावर उलटवलं. टीव्ही लावून ठेवला, पंखे लावले, गीझर चालू केला. चार तास तो ऑफिसात बसून, बायको घरात आहे हे बघत राहिला. मशीन मात्र तिनं उचललं. त्याला मिरज विभागापुरतंच दिसतं, हे त्यानंच कधीतरी सांगितलेलं होतं. गेल्या दिवाळीत त्याची बढती झाली, तेव्हा पेढे वाटताना त्यानं नवीन खुर्चीचं सांगितलं, गाडीच्या भत्त्याचं सांगितलं. आता राज्यातलं कुठलंही मीटर उघडता येतं, हे सांगायचं राहून गेलं.

*

ओसरीत ती एकविसाव्या दिवशी हसली.

निमित्त सुभद्रामावशी. मावशी तिथं आठ वर्षांपूर्वी आलेल्या, मग स्वयंपाक सांभाळत राहूनच गेलेल्या. एप्रिलचं ऊन, चार कूलर घरघरताहेत, आणि मावशी मोरपिशी साडी अंगाला लावून आरशासमोर उभ्या.

“मावशी, गिऱ्हाइकाची आहे ती.”

“मले माहीत हाय. नेसू थोडी रायली मी? निस्ती लावून पाहू रायली.” मावशींनी पदर झटकला. “त्या नवरदेवाच्या मायपेक्षा मलेच शोभते. तू खरं सांग.”

“शोभते.”

“मंग लाव तिचा फॉल, आन् मले बोलाव तिच्या पोराच्या लग्नाले.”

शलाका हसली. इरा पलंगाखाली काडेपेटी उघडून आपला पडलेला दात मोजत होती. एकच होता तरी मोजत होती. न्यायालयाचा अंतरिम आदेश आठवड्यापूर्वी निघाला होता: निरंजननं तिच्या राहत्या जागी यायचं नाही, कुठल्याही साधनानं संपर्क साधायचा नाही. संरक्षण अधिकारी गवई मॅडम स्वतः येऊन वाचून दाखवून गेल्या होत्या. शलाकानं दुसरी साडी ओढली, सुई खाली घेतली. पाय पायडलला टेकला.

टक, टक, टक.

दिवे गेले. आले. गेले. आले. गेले. आले.

कूलर प्रत्येक वेळी कण्हून थांबले, पुन्हा सुरू झाले.

“काऊन वं, थांबली काऊन?” मावशी म्हणाल्या. “लाइनीचं काय घेऊन बसली. उन्हाळ्यात अकोल्याची लाइन अशीच जात रायते.”

शलाकानं पाय उचलला होता. तो तिनं जमिनीवर ठेवला नाही. ठेवला तर तेही त्याला कळेल, असं काहीतरी वेडगळ तिच्या डोक्यात आलं. ती खिडकीतून समोर बघत होती. समोरच्या बंगल्यात टीव्ही चालू होता. पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत होता. लाइन गल्लीची गेली नव्हती. फक्त ओसरीची गेली होती.

“मावशी,” ती म्हणाली, “इराला घ्या. आणि ताईंना बोलवा. हळू बोलवा.”

*

कुंदाताईंना सगळं ऐकायला चार मिनिटं लागली. शलाका सांगताना दोनदा म्हणाली, “तुम्हाला खोटं वाटेल,” आणि दोन्ही वेळा ताई म्हणाल्या, “पुढं सांग.”

संपल्यावर त्या मशीनकडं वळल्या.

“म्हणजे मीटरचा नंबर मिळाला की पत्ता मिळाला.”

“हो.”

“आठ वर्षं मी पत्ता दडवला. दूधवाल्याला खोटं नाव सांगितलं. आणि वीजबिल दर महिन्याला इथंच येतंय.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “चूक माझी आहे. तुझी नाही. हे आत्ताच सांगते, नंतर वेळ मिळायचा नाही. तो आत्ता कुठं असेल?”

“मिरजेला असेल तर दहा-बारा तास लागतील. पण हे करायला ऑफिसात बसावं लागत नाही. लॅपटॉप पुरतो.” शलाकानं खिडकीबाहेर बघितलं. “गल्लीच्या तोंडाशी गाडीतसुद्धा असेल.”

ओसरीत दर तीन महिन्यांनी एक तालीम व्हायची. आग लागली तर काय, याची नव्हे. दारात माणूस आला तर काय, याची. घाबरून पळणाऱ्या बायका साऱ्या गल्लीच्या लक्षात राहतात. पण नटूनथटून, पोरं कडेवर घेऊन, कलकलाट करत मिनीबसमध्ये चढणाऱ्या बायकांकडं एप्रिल महिन्यात कोणी वळूनसुद्धा बघत नाही. म्हणून ओसरी रिकामी करायची ती लग्नाला निघाल्यासारखी. दुसऱ्या गावातली जागा ठरलेली होती, बसवालाही ठरलेला.

“लग्नाला निघायचंय,” कुंदाताई दारातून एवढंच म्हणाल्या. मग सगळ्या उठल्या.

अडचण साड्यांची होती. बहुतेकींकडं दोन सुती साड्यांपलीकडं काही नव्हतं. ताईंनी शलाकाच्या शेजारची चळत उचलली. “गिऱ्हाइकांच्या आहेत. धुऊन, इस्त्री करून देऊ. माफी मी मागेन.”

मोरपिशी साडी सुभद्रामावशींना मिळाली. त्यांनी निऱ्या घातल्या, पण विनोद केला नाही.

“तूही नेस,” ताई शलाकाला म्हणाल्या.

“मी येत नाही.”

“वेडी आहेस का?”

“ताई, त्याला आपण दिसत नाही, घर दिसतं. सगळ्या गेल्या, चार कूलर थांबले, चहाची शेगडी लागली नाही, की त्याला कळेल घर रिकामं झालं. तो स्टँडच्या रस्त्यावर बस गाठेल. घर चालू राहिलं पाहिजे. आणि मशीन चालू राहिलं पाहिजे.” तिनं मशीनवर हात ठेवला. “ते दुसऱ्या कोणाला चालवता येणार नाही. त्याला पाय ओळखू येतो.”

कुंदाताईंनी गवई मॅडमना फोन लावला.

इराला शलाकानं काहीच सांगितलं नाही. फक्त काडेपेटी तिच्या फ्रॉकच्या खिशात घातली आणि खिशाला सेफ्टी पिन लावली.

“तू कधी येणार?”

“साड्या झाल्या की.”

“किती राहिल्यात?”

“थोड्या.”

इरानं खिडकीजवळच्या चळतीकडं बघितलं. तिथं आता एकही साडी नव्हती. तिनं खिशावरची पिन चाचपली. 

*

चार वाजून दहा. बस गेली, बरोबर कुंदाताईही. एका बाईनं दारातून उगाचच मोठ्यानं विचारलं होतं, “आहेराचं पाकीट घेतलं ना गं?”

चार वाजून पंचवीस. चार कूलर चालू, समोर एकही माणूस नाही. सुती चादरी वाऱ्यानं हलताहेत. शलाकानं साडीऐवजी जुनी चादर सुईखाली घातली. टक, टक, टक. रेघ.

उत्तर आलं नाही.

साडेचार. इंडक्शन शेगडीवर दहा कप पाणी ठेवलं. रोजचा मावशींचा चहा. गवई मॅडम एव्हाना मागच्या दारानं आल्या होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, हातात फाइल. बरोबर साध्या कपड्यात हवालदार खंडारे आणि एक महिला शिपाई. मॅडमनी वीज कंपनीच्या स्थानिक अभियंत्याला आधीच लेखी पत्र धाडलं होतं: या मीटरचा पुरवठा तीन वाजून सात मिनिटांनी कोणी तोडला आणि जोडला, त्याची नोंद द्यावी.

“देतील?” शलाकानं विचारलं.

“न्यायालयाचा आदेश जोडलाय. त्यात ‘कुठल्याही साधनानं’ असं लिहिलंय. दिवे विझवणं हेसुद्धा साधनच.” मॅडमनी फाइल मिटली. “मी लिहून घेतलं होतं ते. फोन, मेसेज, चिठ्ठी, एवढंच डोक्यात होतं माझ्या.”

पाच वाजता शलाका म्हणाली, “मॅडम, या वेळी मावशी वाटण लावते.”

“मग?”

“मिक्सर चालवावा लागेल. मी मशीनवरून उठू शकत नाही.”

गवई मॅडमनी फाइल खाली ठेवली, मिक्सरमध्ये अर्धा नारळ टाकला आणि बटण दाबलं. “किती वेळ?”

“मावशी थांबून थांबून चालवते. मध्ये बोलते.”

मॅडम थांबून थांबून मिक्सर चालवत राहिल्या. दुसऱ्या वेळी झाकण कसं बसवावं हे न कळून खंडाऱ्यांनी ते हातानं दाबून धरलं. एरवी कोणी हे पाहिलं असतं तर हसलं असतं.

टक, टक, टक. शलाकाची मांडी भरून आली होती. दर वेळी तीन ठिपके द्यायचे आणि दर वेळी छताकडं बघायचं. दिवे जळत राहायचे. तिला आता उत्तर यायला हवं होतं. उत्तर येतंय म्हणजे तो पडद्यासमोर बसलाय. येत नाही म्हणजे तो बसलेला नाही. तो हलतोय.

बस आता कुठवर गेली असेल?

पाच वाजून अडतीस मिनिटांनी सगळं बंद झालं. एकदाच. कूलर, मिक्सर, फ्रिज, सुई. घरात इतकी शांतता झाली की कूलरच्या टाकीतून पाणी ठिबकताना ऐकू आलं.

शलाका वाट बघत राहिली. दिवे आले नाहीत.

मग फाटकाची कडी वाजली. पावलं, घाईची नाहीत. चपला दाराबाहेर काढल्याचा, जोडी सरळ लावल्याचा आवाज.

“लाइट गेलेत ना तुमच्याकडं?” दाराबाहेरून निरंजन म्हणाला. मऊ, मदतीला आलेला आवाज. “मी वीज कंपनीतून. बघू का जरा?”

*

गवई मॅडमनी दार उघडलं. शलाका आतल्या खोलीत, मशीनमागं. मधे पडदा.

“तक्रार कोणी केली?” मॅडमनी विचारलं.

“मीटरच करतो हल्ली,” तो हसला. “हे माझं ओळखपत्र. हा दौऱ्याचा आदेश. अकोला विभागातली तेरा मीटरं तपासायची आहेत, त्यातलं हे एक.”

कागदांची सळसळ. मग खंडाऱ्यांचा दबका आवाज. “मॅडम, साहेब तर ड्यूटीवर आहेत. सही-शिक्का हाय.”

“सही कोणाची आहे?”

“यांचीच दिसते. पण अधिकार तर हाय ना यांना.”

“बाई,” निरंजन मॅडमना म्हणाला, “तुम्ही कोण ते मला माहीत नाही. मी मीटर बघतो आणि जातो. घरात कोण आहे याच्याशी मला देणंघेणं नाही.”

शलाकाला सगळं स्पष्ट दिसलं. तो मीटर बघेल. नम्रपणे जाईल. आदेश मोडला असं कोणालाही म्हणता येणार नाही, कारण तो कामावर आहे आणि त्यानं तिचं नावही घेतलेलं नाही. मग तो गाडीत बसेल, आणि उद्या, परवा, दुसऱ्या कुठल्या घरात, दुसऱ्या कुठल्या खिडकीजवळ, दिवे तीनदा जातील.

मागचं दार उघडं होतं. महिला शिपाई तिला तिकडंच खुणावत होती.

शलाका उठली. भरून आलेला पाय ओढत पुढं आली आणि पडदा बाजूला केला.  

निरंजननं तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. आठवड्याभरानं घरी आलेल्या माणसासारखा तो तिला न्याहाळत होता, आणि पडद्यावर टिपलेलं बोलून दाखवायचा मोह त्याला आवरला नाही.

“मशीन घरघरतंय गं तुझं,” तो हळूच म्हणाला. “डावा ब्रश संपत आलाय. बदलून घे.”

 मग गवई मॅडमनी विचारलं, “बंद पडलेलं मशीन घरघरतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

त्यानं दौऱ्याचा आदेश पुन्हा पुढं केला.

“खंडारे, आत्ता जे ऐकलं ते लिहा. शब्द न् शब्द.”

खंडाऱ्यांनी खिशातली डायरी काढली. लिहिताना त्यांनी विचारलं, “डावा ब्रश ना साहेब?” आणि निरंजन सवयीनं “हो” म्हणाला.

अभियंत्याचं उत्तर सहा वाजता आलं. तीन सात आणि पाच अडतीस, दोन्ही वेळा एकच नाव, एन. मगदूम. कारण: चाचणी. ठिकाण: अकोला; तीन सातला स्टेशन रोडवरचं लॉज, पाच अडतीसला हीच गल्ली. लॉजमधून या मीटरवर नजर तीन दिवसांपासून.

तीन दिवस तो हाकेच्या अंतरावर बसून तिचा पाय बघत होता.

त्याला नेताना तो दारात थांबला, चपला घातल्या, आणि म्हणाला, “इरा कुठंय, ते विचारत नाही मी.”

*

बाराव्या दिवशी त्याला जामीन मिळाला. कंपनीनं निलंबित केलं, चौकशी लावली. ओसरी दुसऱ्या गावात गेली. कुंदाताईंनी घराची वीज शेजारच्या एका मोठ्या दवाखान्याच्या मीटरला जोडून घेतली, तिथल्या हजार यंत्रांच्या गलक्यात एक मिक्सर कोणाला सापडतो. वहीत नवा रकाना आला: करंटवर चालणारं काही? ते तुम्ही कसं चालवता, करून दाखवा. मोरपिशी साडी गुरुवारीच पोचली होती. दुकानदारानं नाक लावून वास घेतला आणि ती पिशवीत घातली.

शलाका आणि इरा आता जिथं आहेत त्या गावाचं नाव सांगता येत नाही.

तिथं तिनं नवं मशीन घेतलं. ब्रश नवे, मोटर नवी. पहिल्या दिवशी मशीनसमोर बसली आणि तासभर हात मांडीवर ठेवून बसूनच राहिली. मशीन बदलता येतं. मग तिनं पायडल डावीकडं सरकवलं.

डाव्या पायानं शिवण वेडीवाकडी येते. टाके लांडे पडतात, काठ गोळा होतो. महिनाभर ती जुन्या चादरींवरच शिकत राहिली. आणि सुई खाली घेतली की उजवा पाय, रिकामा, मोकळ्या फरशीवर आपसूक उठायचा. ती गुडघ्यावर हात ठेवून तो दाबून धरायची.

एका दुपारी इरा गृहपाठावरून मान वर करून म्हणाली, “आई, तीन राहिले तुझे.”

“आता नाही करायचे ते.”

“का?”

तेवढ्यात पंखा थांबला.

शलाकानं श्वास धरला. इरानंही धरला; हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एक. पात्यांचा वेग मंदावत गेला. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, “लाइट तुमच्याकडं पण गेलेत का?” समोरच्या घरातून कोणी “हो” म्हणालं. पलीकडूनही कोणी “हो” म्हणालं. त्या दोघी छताकडं बघत बसल्या. चाळीस मिनिटांनी पंखा पुन्हा फिरू लागला आणि फिरतच राहिला.

शलाकानं डावा पाय पायडलवर ठेवला आणि एकदम दाबला.

शलाका चार वर्षांची असताना आईच्या मशीनच्या सुईखाली तिचं बोट सापडलं होतं. त्यानंतर आई मशीन सुरू करण्याआधी दर वेळी पायडल तीनदा टेकवायची, तेवढ्यात पोरीनं हात काढून घ्यावा म्हणून.